वापरलेला ट्रक कॅम्पर आणि तो पेलणारा पिकअप: काय घ्यावं, काय सोडावं

महाराष्ट्रात ‘कॅम्पर’ म्हटलं की डोळ्यांसमोर बोलेरो कॅम्पर येते, चार दारांची आणि मागे हौदा असलेली. अमेरिकेत आणि कॅनडात ट्रक कॅम्पर म्हणजे वेगळीच वस्तू: पिकअपच्या हौद्यात बसवायची, स्वतःची चाकं नसलेली खोली. झोपायची जागा केबिनच्या टपावर पुढे आलेली, मागे ओटा, फ्रीज, टेबल आणि बऱ्याच मॉडेलांत संडास-न्हाणी. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. त्यांवर खोली उभी करायची, खालून गाडी काढून घ्यायची आणि मोकळ्या गाडीने फिरायचं. ट्रेलर ओढत नेण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत, कच्च्या रस्त्यावर तर फारच.

नीट सांभाळलेला पंधरा वर्षांचा कॅम्पर पुढची अनेक वर्षं काम देतो. हेळसांड झालेला पाच वर्षांत आतून कुजतो आणि बाहेरून तितकाच देखणा दिसतो. त्यामुळे वापरलेला घेणं शहाणपणाचं आहे, पण पाहून घ्यायला हवा. ट्रक आणि कॅम्पर यांचा आढावा इथे एकत्रच घेतला आहे, कारण बहुतेकांची महागातली चूक एकच असते: आवडला म्हणून आधी ट्रक घेतात आणि मग त्यात बसेल असा कॅम्पर शोधत फिरतात. क्रम उलटा हवा. कॅम्पर ठरवा, त्याचं भरलेलं वजन काढा आणि ते पेलणारा ट्रक शोधा.

वजनाचा हिशोब

‘हा तीन-चतुर्थांश टनी आहे, काहीही उचलतो’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून सोडून द्यायचं. अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही जुनी नावं आहेत; खरी क्षमता त्यांच्याशी जुळत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. दुसरीवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं धरून गाडीचं कमाल वजन, आणि पुढच्या-मागच्या आसाची मर्यादा असते. जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांच्या वर असेल तर पिवळी पट्टी बंधनकारक नाही, म्हणून बऱ्याच एक-टनी गाड्यांवर ती सापडत नाही. तिथे वजनकाटाच उपयोगी. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. पंधरा डॉलरच्या आसपास देऊन पुढचा आस, मागचा आस आणि एकूण असे तीन आकडे छापून मिळतात. सौदा करण्याआधी टाकी भरून रिकामा ट्रक काट्यावर घाला. जीव्हीडब्ल्यूआरमधून ते वजन वजा केलं की खरा पेलोड, म्हणजे गाडीवर चढवता येणारं वजन, हातात येतो. वजन करताना ड्रायव्हर आत बसलेला असेल तर पुढच्या बेरजेत त्याला पुन्हा धरू नका.

आता कॅम्परची बाजू. जाहिरातीतलं ‘ड्राय वेट’ म्हणजे बहुतेक वेळा पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही आणि अनेकदा एसी व चांदणीसुद्धा (बाहेर उघडणारं कापडी छत) नाही. एक उदाहरण करून पाहू. ड्राय वजन २,४०० पौंड. एसी, चांदणी, सोलर वगैरे जोडण्या १५०. तीस गॅलन पाणी, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे २५०. वीस पौंडी गॅसच्या दोन टाक्या, टाकीच्या लोखंडासह ७५. दोन शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या १२०. भांडी, कपडे, अंथरुणं, खाणं ४००. चार जणांचं कुटुंब, दोघं मोठे आणि दोन मुलं, ४८०. बांधायचे हुक, ताणखिळे (पिळून ताणायचे टर्नबकल) आणि वाढीव सस्पेन्शन १२०. बेरीज ३,९९५. म्हणजे ‘चोवीसशे पौंडांचा’ कॅम्पर प्रत्यक्षात जवळजवळ चार हजार पौंड मागतो. ११,१०० जीव्हीडब्ल्यूआर आणि ७,२०० रिकामं वजन असलेला एक-टनी ट्रक ३,९०० पेलतो, म्हणजे तोसुद्धा ९५ पौंडांनी कमी पडतो. अशा वेळी पाण्याची टाकी अर्धी भरून निघणं हा सोपा उपाय आहे आणि पुष्कळ जण तेच करतात. मात्र ते ठरवून करायचं असतं. पहिल्या प्रवासात गाडी मागून बसल्यावर कळून उपयोग नाही.

एकूण आकड्यापेक्षाही मागच्या आसाचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅम्परचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकांवर येतं. रिकाम्या पेट्रोल ट्रकच्या मागच्या आसावर साधारण २,८०० पौंड असतात. त्यावर ३,५०० चढवले की झाले ६,३००. फोर्ड एफ-२५० च्या २०११ ते २०१६ या पिढीत मागच्या आसाची मर्यादा सहा हजारांच्या थोडीच वर आहे. मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या एफ-३५० ला ती सात हजारांच्या आसपास मिळते. दिसायला दोन्ही गाड्या जुळ्या. किमतीतही वापरलेल्या बाजारात फार अंतर नसतं. म्हणून कॅम्परसाठी एफ-२५० घेऊन वर पैसे खर्च करण्यापेक्षा सरळ एफ-३५० शोधावी.

टायरही याच हिशोबात येतात. लोड रेंज, म्हणजे टायरची भार पेलण्याची श्रेणी, ई असायलाच हवी, हवा मागे ८० पीएसआय. एलटी२६५/७०आर१७ ई रेंजचा टायर ८० पीएसआयला ३,१९५ पौंड पेलतो, एलटी२७५/७०आर१८ मात्र ३,६४०. दोन टायर म्हणजे दर आसाला जवळजवळ नऊशे पौंडांचा फरक. टायरवर ‘डॉट’ (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपलीकडचा टायर, नक्षी कितीही खोल असली तरी, कॅम्परखाली ठेवू नये. बाजूची भिंत उन्हाने कडक झालेली असते आणि उन्हाळ्यात भार घेऊन हायवेवर तिथूनच फाटते.

ट्रक कोणता

माझी पसंती स्पष्ट आहे: एक-टनी, मागे एकेरी चाक, आठ फुटी हौदा, पेट्रोल इंजिन. डिझेलची ओढण्याची ताकद मोठी आणि घाटात एक्झॉस्ट ब्रेकचा आधार मोलाचा, हे खरं. पण डिझेल इंजिनाचं वाढीव वजन चारशे ते सहाशे पौंड असतं आणि ते थेट पेलोडमधून जातं. मोठ्या केबिनचा, सगळ्या सोयींचा डिझेल एफ-२५० अनेकदा २,२०० पौंडांच्या आसपासच पेलोड दाखवतो. वर्षातून पाच-सहा हजार मैल फिरणाऱ्या कुटुंबाला हा सौदा परवडत नाही. कॅम्पर चढवल्यावर पेट्रोल गॅलनला नऊ ते अकरा मैल देतं आणि डिझेल बारा ते चौदा. एवढ्या फरकातून डिझेलची वाढीव किंमत आणि दुरुस्ती सहजी वसूल होत नाही.

वापरलेल्या डिझेलमध्ये सांभाळून. फोर्डचं ६.० लिटर, साधारण २००३ ते २००७, हेड गॅस्केट, ऑइल कूलर आणि ईजीआर कूलरसाठी बदनाम आहे. आधीच्या मालकाने ही कामं करून घेतल्याची बिलं नसतील तर त्या वाटेला जाऊ नये. २०११ नंतरच्या फोर्ड ६.७ आणि २०११ ते २०१६ च्या जीएमच्या ड्युरामॅक्समध्ये सीपी४ नावाचा उच्च दाबाचा पंप आहे. तो आतून झिजून फुटला की लोखंडाचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो, मग टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळी यंत्रणा बदलावी लागते आणि बिल दहा हजार डॉलरच्या घरात जातं. फोर्डचं जुनं ७.३ पॉवर स्ट्रोक चिवट आहे, मात्र ज्या गाड्यांत ते आहे त्यांचं वय आता वीस वर्षांच्या पुढे गेलं.

पेट्रोलमध्ये फोर्डचं ६.२ लिटर व्ही८ भरवशाचं. दर सिलिंडरला दोन याप्रमाणे सोळा स्पार्क प्लग आहेत, म्हणून लाख मैलांजवळ आलेल्या गाडीचे प्लग बदलले आहेत का ते विचारा. सोळा प्लगचं काम स्वस्त नसतं. जीएमचं ६.० लिटर जुन्या बांधणीचं, पण साधं आणि कुठल्याही गॅरेजला परिचयाचं. रॅममध्ये २०१४ पासून २५०० ला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या. रिकामी चालवायला त्या छान, कॅम्परखाली मात्र गाडी लवकर बसते आणि डोलते. रॅम घ्यायचीच तर पाटे असलेली ३५०० घ्या.

फोर्ड सुपर ड्युटीच्या (एफ-२५०, एफ-३५०) ४x४ गाड्यांना पुढे सलग आस असतो. साठ मैल वेगाला खड्ड्यातून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाताना स्टिअरिंग जोरात थरथरू लागलं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नसेल, तर ट्रॅक बारचा (पुढचा आस चासीला धरणारी आडवी दांडी) बुश किंवा बॉल जॉइंट गेलेला असतो. विक्रेता म्हणतो, ‘नुसता डॅम्पर बदला.’ डॅम्परने, म्हणजे स्टिअरिंगच्या शॉक ॲब्सॉर्बरने, लक्षण झाकलं जातं, मूळ राहतं. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांकडे पाहायचं. तिथे खेळ असेल तर डोळ्यांना दिसतो.

कोरड्या राज्यांतला ट्रक, म्हणजे ॲरिझोना, न्यू मेक्सिको, पूर्व ऑरेगन इथला, दोन हजार डॉलर जास्त देऊनही स्वस्त पडतो. मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या गाडीची चासी मागच्या आसाच्या वरच्या बाजूला, पाट्यांच्या शॅकलजवळ आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर तपासा. छोट्या हातोडीने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर वरचा गंज चालेल. बोदा आवाज आला आणि खपल्या पडल्या तर परत फिरा. कॅम्पर बांधायचे हुक याच चासीला बसतात.

कॅम्परच्या जाती

ढोबळ तीन जाती आहेत आणि वापरलेल्या बाजारात त्यांचं वागणं अगदी वेगवेगळं आहे.

पहिली पॉप-अप. टप वर उचलला की मधे कापडी भिंती. यात फोर व्हील कॅम्पर्स ही कॅलिफोर्नियातल्या वुडलंडची कंपनी सगळ्यात नावाजलेली. ॲल्युमिनियमची चौकट, वजन रिकामं हजार पौंडांच्या आसपास, उंची कमी. त्यांचं हॉक मॉडेल साडेसहा फुटी हौद्यासाठी, ग्रँडबी आठ फुटीसाठी. अर्धा टनी ट्रकवर खरोखर बसू शकणारा कॅम्पर हाच. मध्यम आकाराच्या टोयोटा टॅकोमावरही लोक यांचं फ्लीट मॉडेल चढवतात, पण टॅकोमाचा पेलोड अकराशे पौंडांच्या आसपास असतो. दोन माणसं आणि पाणी धरलं की तो संपला. वापरलेला पॉप-अप पाहताना कापड पूर्ण ताणून उजेडात बघा. घडी पडते त्या कोपऱ्यांत सुईएवढी भोकं पडतात आणि खालच्या शिवणीजवळ काळी बुरशी धरते. टप उचलायच्या पट्ट्यांना तडे आहेत का पाहा. थंडीत, विशेषतः वाऱ्यात, हा कॅम्पर गारठतो. बर्फातल्या मुक्कामासाठी घेऊ नका.

दुसरी जात फायबरग्लासच्या दोन कवचांची, वरचं आणि खालचं, मधोमध एकच सांधा. नॉर्दर्न लाइट आणि बिगफूट, दोन्ही ब्रिटिश कोलंबियातल्या. छपराला सांधे नसल्यामुळे पाणी मुरायला जागाच फार कमी. किंमत चढी राहते, वीस वर्षांनीही मान टिकून असतो, आणि माझ्या मते वापरलेल्यात पैसे घालायला ही सर्वांत सुरक्षित जागा आहे. खोलीला खिडक्या, व्हेंट आणि दिवे मात्र आहेतच, तेव्हा ओल तपासायची ती तपासायचीच.

तिसरी जात लाकडी किंवा ॲल्युमिनियम चौकटीवर बाहेरून पत्रा किंवा फायबरग्लासचा पापुद्रा चिकटवलेली. बाजारात सगळ्यात जास्त हीच. लान्स, ॲडव्हेंचरर, आर्क्टिक फॉक्स वगैरे. आत जागा भरपूर, सोयी जास्त, किंमत आवाक्यात. आर्क्टिक फॉक्सची मोठी मॉडेलं, बाहेर सरकणाऱ्या खोलीसकट, भरल्यावर चार हजार पौंड ओलांडतात. त्यांना मागे दुहेरी चाकांचा ट्रक हवा. सरकती खोली एकंदरीत टाळावी. तिचं वजन, मोटर आणि रबरी सील ही तिन्ही दुखणी वयानुसार वाढतात, आणि ती आत असताना पुष्कळ मॉडेलांत फ्रीजचं दारसुद्धा उघडत नाही.

ओल

या विषयावर जास्त लिहायला हवं, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं आणि हे होत नाही. पाणी छपरावरून शिरतं, भिंतीच्या आत उतरतं आणि तळाशी साठतं. मालकाला पत्ताच नसतो. डाग आत दिसेपर्यंत चौकट भुसभुशीत झालेली असते.

शक्यतो पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांत कॅम्पर पाहायला जा. बरोबर ओल मोजायचं मीटर, टॉर्च, शिडी आणि चौकोनी तोंडाचा दोन नंबरचा स्क्रूड्रायव्हर बिट न्या. दार उघडल्याबरोबर पहिल्या श्वासाकडे लक्ष द्या. बंद गोदामात भिजलेल्या पोत्यासारखा वास आला की तो सुगंधी फवाऱ्याने झाकता येत नाही. फवारा मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या.

सुरुवात नाकापासून, म्हणजे केबिनवर आलेल्या भागापासून. गादी पूर्ण उचला. पुढच्या दोन खालच्या कोपऱ्यांत प्लायवूड अंगठ्याने दाबा. कोरडं प्लायवूड दबत नाही. ओल खाल्लेलं किंचित खचतं आणि अंगठा काढल्यावर खळ तशीच राहते. मीटर आतून, कपाटांच्या आत, कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि व्हेंटभोवती लावत जा. पंधराच्या खाली ठीक, वीसच्या वर गेलं की तिथे पाणी मुरलंय. बाहेरून पत्र्यावर बिनसुईचं मीटर लावू नका, धातूमुळे ते खोटं बोलतं.

मग बाहेर या. भिंती आणि छप्पर मिळतात त्या कोपऱ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यातल्या खाचेत स्क्रू झाकणारी रबरी फीत. मालकाची परवानगी घेऊन नाकाच्या खालच्या कोपऱ्याजवळ फीत दोन इंच उचला आणि एक स्क्रू काढा. हा एक स्क्रू अख्ख्या कॅम्परची कुंडली सांगतो. चकचकीत असेल, आट्यांना पिवळसर कोरडा लाकडाचा भुसा चिकटलेला असेल, तर आत कोरडं आहे. गंजलेला आला, आट्यांत काळपट ओला चोथा अडकलेला असला, किंवा बोटांनी फिरवूनच बाहेर आला, तर तिथलं लाकूड गेलेलं आहे. काढलेला स्क्रू परत नीट बसवून द्या.

फायबरग्लासच्या भिंतीवर तिरकी टॉर्च मारा. सरळ उजेडात न दिसणारा फुगवटा तिरक्या उजेडात लाटेसारखा दिसतो. तिथे पापुद्रा चौकटीपासून सुटला आहे. हे दुरुस्त करणारे आहेत, पण खर्च कॅम्परच्या किमतीशी स्पर्धा करतो.

जॅकच्या बैठका विसरू नका. पुढचे जॅक पंखांच्या, म्हणजे हौद्याच्या कठड्यांवर बाहेर आलेल्या बाजूच्या भागांच्या, कोपऱ्यांना बोल्टने धरलेले असतात, म्हणजे पुढच्या बाजूचं अख्खं वजन त्या दोन कोपऱ्यांतल्या लाकडावर. कॅम्पर जॅकवर चार इंच उचलायला सांगा आणि ब्रॅकेट व भिंत यांच्या फटीत पाहा. फट उघडत असेल, बोल्ट तिरका होत असेल, तर सौदा तिथेच थांबवा. या पंखांचा तळही हाताने चाचपून घ्या, कारण वरून आलेलं पाणी शेवटी तिथेच उतरतं.

छपरावर चढून सीलंट बघा. रबरी छपराला स्वतः पसरणारं डायकोर लॅप सीलंट लागतं. कुणी हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकोन थापलेलं असेल तर ती वाईट खूण, कारण सिलिकोनवर पुढे दुसरं काही धरत नाही. आधी ते खरवडून काढावं लागतं आणि त्यात छप्पर फाटतं. वाळवंटातल्या कॅम्परचं सीलंट उन्हाने तडकलेलं असेल, व्हेंटची झाकणं ठिसूळ झालेली असतील. आत कोरडं असेल तर तो चांगला सौदा आहे: जुनं सैल झालेलं काढून नवीन डायकोरच्या पाच-सहा नळ्या आणि एक शनिवार एवढंच काम. एकदा केलं की दर सहा महिन्यांनी छपरावर नजर टाकायची.

आतली उपकरणं

फोनवरच सांगून ठेवा की फ्रीज आदल्या रात्री गॅसवर चालू करून ठेवा. हा ॲब्सॉर्प्शन, म्हणजे उष्णतेवर चालणारा, फ्रीज थंड व्हायला आठ ते बारा तास घेतो, आणि कॅम्पर समपातळीत नसेल तर त्याचं चक्र बिघडतं. मागच्या जाळीजवळ अमोनियाचा वास किंवा पिवळी पावडर दिसली तर कूलिंग युनिट मेलं. बदलायचाच झाला तर बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज घालावा. बॅटरी आणि सोलर मात्र त्यानुसार वाढवावे लागतात. हीटर पंधरा मिनिटं चालवा, गिझर पेटवा, पाण्याचा पंप दाब धरून बंद होतो का ऐका. नळ बंद असतानाही तो मधूनमधून गुरगुरत असेल तर कुठेतरी गळती आहे. गॅसचा दाब ११ इंच वॉटर कॉलमला लावून घ्या आणि सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म पाच-सात वर्षांत निकामी होतात. मागे छापलेली तारीख न बघताच नवे बसवले तरी चालेल, जिवापुढे ती रक्कम काहीच नाही.

आपल्या स्वयंपाकाचा एक मुद्दा. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वरून फोडणी, एवढ्याने या लहान खोलीत इतकी वाफ होते की थंडीच्या रात्री ती नाकातल्या गादीखाली पाणी होऊन साचते. ओट्यावरचा मूळ पंखा दुबळा असतो. छपरात मॅक्सएअर किंवा फॅन-टॅस्टिकसारखा उलट-सुलट फिरणारा पंखा आहे का बघा, नसेल तर तो पहिला खर्च धरा, आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला. भारतातून आईवडील सहा महिने राहायला येणार असतील तर वरच्या पलंगावर ते चढू शकणार नाहीत हे धरूनच चला. रात्री उठून खाली उतरणं तर त्याहून अवघड. टेबलाचा पलंग होतो त्याची लांबी टेपने मोजा. काही मॉडेलांत तो जेमतेम साडेपाच फूट भरतो.

जुळणी आणि बांधणी

आठ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर साडेसहा फुटीत घातला तर तो मागे लटकतो. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या आसाच्या रेषेवर किंवा किंचित पुढे यायलाच हवी. मागे गेली की पुढच्या चाकांवरचा भार उचलला जातो, स्टिअरिंग हलकं पडतं, ओल्या रस्त्यावर ट्रक वळत नाही. ट्रकच्या कागदांत ‘ट्रक कॅम्पर लोडिंग’ नावाचं पत्रक असतं, त्यात ही मापं दिलेली असतात.

नव्या ट्रकच्या हौद्याच्या भिंती जुन्यांपेक्षा उंच झाल्या आहेत. १९९० च्या दशकातला कॅम्पर आजच्या गाडीत ठेवला तर त्याचे पंख कठड्यावर टेकतात किंवा नाक केबिनच्या टपाला घासतं. म्हणून तीन मापं घेऊन जा: हौद्याच्या तळापासून कठड्यापर्यंत, तळापासून केबिनच्या टपापर्यंत आणि दोन चाककमानींमधली रुंदी. कठड्यावर निदान एक इंच आणि टपावर तीन इंच मोकळे हवेत. कमी पडत असतील तर खाली प्लायवूड आणि कडक फोम घालून कॅम्पर उचलतात. त्याबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो हे लक्षात ठेवा. तळाला जाड रबरी चटई हवीच, नाहीतर रंगीत पत्र्यावर कॅम्पर सरकतो.

बांधण्यासाठी चासीला बसणारे टॉर्कलिफ्ट कंपनीचे हुक आणि स्प्रिंग असलेले ताणखिळे घ्या. सगळं मिळून दीड-दोन हजार डॉलर जातात. हौद्याच्या पत्र्याला बोल्ट केलेले हुक जड कॅम्परला कमी पडतात, पत्रा उचकटतो. फोर व्हीलसारखे हलके पॉप-अप मात्र हौद्याच्या तळातल्या आय-बोल्टला बांधतात. २०१५ नंतरच्या एफ-१५० चा हौदा ॲल्युमिनियमचा आहे, तेव्हा बोल्टखाली जाड आधारपट्ट्या घालायलाच हव्यात. गाडी मागून फार बसत असेल तर मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या एअर बॅग (हवेच्या पिशव्या) किंवा स्टेबललोड लावता येतात, वळणावर डोलत असेल तर जाड स्वे बार (डोलणं रोखणारी दांडी). यांनी चाल सुधारते. पेलोडचा आकडा त्यांनी एक पौंडही वाढत नाही.

चढवताना चारही जॅक थोडे-थोडे करून, नाक किंचित वर ठेवून उचला. एकच जॅक भसाभस वर नेला तर समोरच्या कोपऱ्यातली बैठक पिळवटते. मागे दुहेरी चाकांचा ट्रक असेल तर पुढचे जॅक बाहेर झुकवणारे ब्रॅकेट कॅम्परला आहेत का ते आधीच बघा, नाहीतर चाकंच आत जाणार नाहीत. टेलगेट काढून ठेवा, कुणाला तरी मागे उभं करून सरळ रिव्हर्स घ्या, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं की खाली उतरवा. ट्रकच्या सात-पिनी प्लगमधून बॅटरी भरते खरी, पण तार बारीक असल्याने फार सावकाश. नेहमी फिरायचं असेल तर जाड तारेचा स्वतंत्र डीसी-डीसी चार्जर लावून घ्या.

कागदांचं थोडक्यात. चाकं नसल्यामुळे अनेक राज्यांत कॅम्परला टायटल (मालकीचा सरकारी दाखला) नसतं, तो सामान धरला जातो. वॉशिंग्टन आणि ऑरेगनमध्ये मात्र टायटल लागतं. टायटल नसलं तरी विक्रीपत्रावर कॅम्परचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि आतल्या पट्टीशी ताडून पाहा. ट्रकच्या विम्यात कॅम्पर आपोआप येत नाही, वेगळं सांगावं लागतं.

विसार द्यायच्या आधी शक्य असेल तर कॅम्पर ट्रकवर चढवून, गॅस भरून, दोघं बसून पुन्हा एकदा काट्यावर जा, आणि मागच्या आसाचा आकडा दारावरच्या पट्टीशी ताडून बघा. तो बसला तर घासाघीस सुरू करा. गाडी घरी आणताना पहिल्या पन्नास मैलांवर थांबून चारही ताणखिळे हाताने तपासा. नवीन बांधलेला कॅम्पर रबरावर बसतो, तेव्हा ते हमखास ढिले होतात.